द्रवातल्या धातूच्या नॅनोकणांवरची अभिक्रिया इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कशी पाहावी

जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत बोर्डो मिश्रण तयार करणारा जाणता शेतकरी फवारणीआधी त्यात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून पाहतो. विळ्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद अजून मोकळे आहे, चुना कमी पडला आहे असे तो ताडतो आणि चुन्याची निवळी आणखी घालतो. विळ्यावर घडते ती विस्थापन अभिक्रिया होय. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतात आणि तांब्याचे आयन ते इलेक्ट्रॉन घेऊन लोखंडाच्या पृष्ठभागावर बसतात. विळ्याच्या जागी ५० नॅनोमीटर कडेचा चांदीचा घन आणि मोरचुदाच्या जागी सोन्याच्या क्षाराचे द्रावण घेतले, तर तोच व्यवहार नॅनोकणावर होतो. फरक एवढाच, की सोन्याचा एक अणू बसण्यासाठी चांदीचे तीन अणू निघून जातात आणि त्यामुळे घन आतून पोकळ होत जातो. हे पोकळ होणे घडत असतानाच कसे पाहावे, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत एम. एस्सी. किंवा पीएच. डी. करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. त्यांना असा सूक्ष्मदर्शक बहुधा दुसऱ्या शहरात जाऊन, मोजक्या तासांसाठी मिळतो.

अडचण मुळातली आहे. सूक्ष्मदर्शकाच्या स्तंभात निर्वात असतो आणि उघडे पाणी तिथे क्षणात उडून जाते. म्हणून सिलिकॉनच्या दोन चिपांमध्ये द्रवाचा अतिपातळ थर बंद करतात. प्रत्येक चिपेच्या मध्यभागी सुमारे ५० नॅनोमीटर जाडीची सिलिकॉन नायट्राइडची खिडकी असते आणि इलेक्ट्रॉनांचा झोत दोन्ही खिडक्यांमधून आरपार जातो. या रचनेला लिक्विड सेल म्हणतात. २००३ मध्ये अशाच सेलमध्ये विद्युतधारेने तांब्याचे कण कसे वाढतात हे दाखवले गेले, २००९ मध्ये प्लॅटिनमचे नॅनोकण वाढताना आणि एकमेकांत मिसळताना पाहिले गेले, आणि २०१२ पासून खिडकीऐवजी ग्राफिनच्या दोन पापुद्र्यांत द्रवाचा थेंब पकडण्याची पद्धतही वापरात आली. ग्राफिनमध्ये चित्र अधिक स्पष्ट येते, पण बाहेरून नवे द्रावण आत सोडता येत नाही. म्हणून अभिक्रिया आपल्या इच्छेने सुरू करायची असेल, तर नव्या माणसाने चिपांच्या सेलनेच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण सगळ्या पायऱ्या तिच्याभोवतीच फिरतात. ज्या झोताने आपण पाहतो, तो झोत स्वतःच एक अभिकारक आहे. इलेक्ट्रॉन पाण्यातून जाताना पाण्याचे रेणू फोडतात, आणि त्यातून द्रवातले मोकळे इलेक्ट्रॉन, हायड्रोजनचे अणू, हायड्रॉक्सिल मूलके, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतात. या विघटनाला रेडिओलिसिस म्हणतात. यातले काही घटक प्रबळ क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारे) आहेत, तर काही प्रबळ ऑक्सिडीकारक (इलेक्ट्रॉन काढून घेणारे). त्यामुळे सोन्याच्या क्षारातून सोने बाहेर पडताना दिसले, तर ते चांदीने बाहेर काढले की झोताने, हा प्रश्न प्रत्येक चित्रापुढे उभा राहतो.

प्रवासाआधी टेबलावर करायचे काम

सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहायचे आहे, ते आधी परीक्षानळीत घडवून पाहावे. चांदीच्या घनांचे पातळ द्रावण घेऊन त्याचा दृश्य व अतिनील प्रकाशातला वर्णपट काढावा. सुमारे ५० नॅनोमीटरच्या घनांचे शोषणाचे शिखर ४३० ते ४४० नॅनोमीटरच्या आसपास येते. मग क्लोरोऑरिक आम्लाचे, म्हणजे वर सांगितलेल्या सोन्याच्या संयुगाचे, विरल द्रावण थेंबाथेंबाने घालत गेले, की ते शिखर लाल बाजूला सरकू लागते आणि द्रावणाचा रंगही बदलत जातो. किती थेंबांनंतर, किती मिनिटांत आणि किती तापमानाला बदल सुरू होतो, याची वहीत नोंद करावी. झोत नसताना अभिक्रियेचा वेग काय असतो, हे सांगणारा हाच एक आकडा आपल्या हाती असतो आणि पुढे सगळी तुलना त्याच्याशीच करायची असते. ज्यांच्याकडे चांदीचे घन नाहीत, त्यांनी सायट्रेटने क्षपण करून सोन्याचे गोल कण बनवावेत. त्यांचे शिखर ५२० नॅनोमीटरजवळ येते, ही पद्धत कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत जमते आणि फेरिक क्लोराइडने सोने कोरले जाण्याची, म्हणजे विरघळून झिजण्याची, अभिक्रिया त्यांच्यावर पाहता येते. सोडियम बोरोहायड्राइड हे क्षपणक मात्र लिक्विड सेलमध्ये नेऊ नये. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पातळ थरातला द्रवच बाजूला सारला जातो.

पाण्याच्या बाबतीत आपल्या भागात दुप्पट काळजी हवी. मराठवाड्यातल्या अनेक प्रयोगशाळांच्या नळाला बोअरचे जड पाणी येते आणि त्यात क्लोराइड भरपूर असते. एकदा माझ्या एका विद्यार्थिनीने चांदीच्या घनांसाठी कुपी साबणाने धुतली, नळाखाली विसळली आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाणी एकदाच फिरवून वापरली. पिवळसर द्रावण आत ओतल्यावर सुरुवातीला काहीच वेगळे वाटले नाही, पण खिडकीच्या उजेडात कुपी तिरकी धरली तेव्हा तळाशी ताकाच्या निवळीसारखी फिकट दुधी झाक दिसली. दुसऱ्या दिवशी वर्णपटातले शिखर खचून पसरट झाले होते. कुपीत उरलेल्या क्लोराइडने हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने चांदी खायला सुरुवात केली होती आणि तळाशी सिल्व्हर क्लोराइड साचले होते. हेच क्लोराइड लिक्विड सेलमध्ये गेले, तर झोतातून येणारी मूलके त्याच्या जोडीने सोने आणि पॅलेडियमसुद्धा कोरू शकतात, आणि आपण ते आपल्या अभिक्रियेच्या नावावर लिहून बसतो. म्हणून काचेची भांडी शेवटी निदान पाच वेळा आयनमुक्त पाण्याने विसळावीत, शक्यतो १८.२ मेगाओहम सेंटिमीटर रोधकतेच्या पाण्याने. शेवटच्या विसळणीचे पाणी वेगळे काढून त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा. ते दुधाळले, तर भांडे पुन्हा धुवावे.

घन तयार करताना पीव्हीपी हे बहुवारिक (पॉलिमर) वापरले जाते. ते द्रावणात जास्त उरले, तर झोताखाली त्याचा थर कणांवर आणि खिडकीवर घट्ट होऊन बसतो. सेंट्रिफ्यूजमध्ये दोन-तीन वेळा धुऊन ते कमी करावे, पण इतकेही धुवू नये की कण एकमेकांना चिकटतील.

उपकरण कुठे आहे याचा शोध सरकारच्या आय-स्टेम या संकेतस्थळावर घेता येतो. देशभरातल्या संशोधन उपकरणांची माहिती एकत्र मिळावी आणि त्यांची वेळ राखून ठेवता यावी यासाठी ते २०२० मध्ये सुरू झाले. वेळ मागताना केवळ सूक्ष्मदर्शक आहे का, एवढे विचारून भागत नाही. लिक्विड सेलचा होल्डर, म्हणजे सेल धरून सूक्ष्मदर्शकात घालायची दांडी, आहे का, तो वाहत्या द्रवाचा आहे की बंद, चिपा आपण आणायच्या की तिथे मिळतील, आणि क्लोराइड असलेले द्रावण चालेल का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. नमुना प्रवासात नेताना तपकिरी कुपी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून जाड थर्मासमध्ये ठेवावी. नांदेड-परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर मुंबईला जायचे असेल, तरी मे महिन्यात स्थानकापर्यंतचे ऊनच नमुना बिघडवायला पुरेसे असते. मात्र थर्मासात बर्फ थेट कुपीला लागू देऊ नये, कारण द्रावण गोठले तर कण कायमचे एकत्र येऊन बसतात. पोहोचल्यावर आधी साध्या जाळीवर एक थेंब वाळवून कण घरून निघताना होते तसेच आहेत ना, हे पाहून घ्यावे. जमल्यास वर्णपटही पुन्हा काढावा.

चिपा आणि सेल

चिपांवरचे संरक्षक आवरण ॲसिटोनने आणि नंतर मिथेनॉलने धुऊन काढावे आणि मग प्लाझ्मा क्लीनरमध्ये पृष्ठभाग पाणी धरेल असा करावा. थेंब खिडकीवर मण्यासारखा उभा राहिला, तर सेल नीट भरणार नाही. तो पसरला पाहिजे. चिपांमधले अंतर ठेवणारा स्पेसर साधारण १०० ते ५०० नॅनोमीटरचा असतो. इथे धुळीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. स्पेसर २०० नॅनोमीटरचा असेल आणि चिपांमध्ये पाच मायक्रॉनचा एकच धूलिकण अडकला, तर अंतर पंचवीस पट होते आणि एवढ्या जाड पाण्यातून काहीही स्पष्ट दिसत नाही. म्हणून प्रत्येक चिप स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तिरप्या उजेडात तपासावी, कडेने धरावी आणि खिडकीवर कधीही थेट फुंकर मारू नये.

कण द्रवात तरंगत ठेवण्यापेक्षा आधीच एका खिडकीवर बसवणे चांगले. थेंबभर द्रावण खिडकीवर ठेवून वाळवावे आणि वर दुसरी चिप ठेवावी. कोणत्या खिडकीवर, हेही ठरवून करावे. नेहमीच्या टीईएममध्ये, म्हणजे रुंद झोत नमुन्यातून आरपार नेऊन चित्र घेण्याच्या पद्धतीत, झोत बाहेर पडतो त्या बाजूच्या खिडकीवरचे कण अधिक रेखीव दिसतात, तर स्कॅनिंग पद्धतीत, म्हणजे स्टेममध्ये, झोत आत शिरतो त्या बाजूचे. धातू जड असल्याने स्टेममध्ये मोठ्या कोनात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात ते पाण्याच्या पार्श्वभूमीवर ठळक उठून दिसतात, आणि द्रवाचा थर थोडा जाड असेल तेव्हा मी तीच पद्धत निवडतो.

कण किती बसवावेत, हे साध्या हिशेबाने ठरवता येते. खिडकी ५० बाय २०० मायक्रॉनची आणि द्रवाचा थर ०.५ मायक्रॉनचा धरला, तर खिडकीपुढे असलेला द्रव अवघा पाच पिकोलिटर होतो. ०.१ मिलिमोलर द्रावणात एवढ्या द्रवात सोन्याचे सुमारे ३० कोटी अणू असतात. ५० नॅनोमीटरच्या एका घनात चांदीचे सुमारे ७३ लाख अणू असतात आणि त्यांची जागा घ्यायला सोन्याचे सुमारे २४ लाख अणू लागतात. म्हणजे तिथल्या तिथे असलेले सोने केवळ १२० घनांना पुरते. खिडकीवर हजारो घन दाटीने बसवले, तर द्रावण वाहते ठेवूनही मधल्या घनांची उपासमार होईल आणि आपण समजू की अभिक्रियाच मंद आहे. कण विरळ ठेवावेत. दोन कणांमध्ये निदान काही शे नॅनोमीटर मोकळी जागा असावी.

सेल बंद केल्यावर होल्डर थेट सूक्ष्मदर्शकात कधीच घालू नये. आधी बाहेरच्या पंपावर निर्वातात ठेवून दाब स्थिर राहतो का, हे किमान अर्धा तास पाहावे. सेल बंद करणाऱ्या रबरी कड्यावर (ओ-रिंगवर) केस किंवा तंतू असला, तरी गळती होते. निर्वातात खिडक्या बाहेरच्या बाजूला फुगतात आणि मध्यभागी द्रवाचा थर स्पेसरपेक्षा बराच जाड होतो. त्यामुळे चांगली चित्रे खिडकीच्या कोपऱ्यांजवळ मिळतात, मध्यभागी नाही.

डोस मोजणे

डोस म्हणजे झोताकडून नमुन्याला मिळणारी मात्रा. ती मोजण्याची पायरी बहुतेक जण शेवटी करतात, पण ती सर्वांत आधी करावी. नमुना नसताना, मोकळ्या जागेतून जाणारी झोताची विद्युतधारा मोजावी आणि ती झोताच्या क्षेत्रफळाने भागावी. ०.१ नॅनोअँपियर धारेत सेकंदाला सुमारे ६२ कोटी इलेक्ट्रॉन असतात. झोत तीन मायक्रॉन व्यासाचा केला, तर दर चौरस अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) सेकंदाला सुमारे ०.९ इलेक्ट्रॉन पडतो. तोच झोत एक मायक्रॉनवर आणला, की हा दर नऊपट, म्हणजे सुमारे आठ होतो. लेन्सचे बटण थोडे फिरवले, की रसायनशास्त्रच बदलते, ते असे.

२०० किलोव्होल्टच्या झोतात पाण्यासाठी दर चौरस अँगस्ट्रॉमला एक इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ४.५ मेगाग्रे, असे गणित येते (एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅमने शोषलेली एक ज्यूल ऊर्जा, आणि मेगाग्रे म्हणजे दहा लाख ग्रे). या आकड्याचा आवाका लक्षात यावा म्हणून सांगतो. साठवणुकीतल्या कांद्याला कोंब फुटू नये म्हणून लासलगावच्या केंद्रात जे विकिरण देतात, ते १०० ग्रेच्या आतले असते. आपण अगदी मंद झोत ठेवला असे म्हणतो, तेव्हाही सेलमधल्या पाण्याला दर सेकंदाला त्याच्या चाळीस-पन्नास हजार पट डोस मिळत असतो. म्हणून सुरुवात एका इलेक्ट्रॉनपेक्षा कमी दराने करावी, फोकस आणि इतर जुळवणी शेजारच्या वेगळ्या जागेवर करावी, आणि मगच नोंदीच्या जागेवर यावे. अधूनमधून झोत बंद करून थोड्या थोड्या वेळाने चित्रे घेतल्याने एकूण डोस कमी होतो आणि ते जरूर करावे. पण प्रत्येक चित्राच्या क्षणी डोसचा दर तेवढाच असतो आणि मूलके क्षणार्धात तयार होतात, हेही विसरू नये.

अभिक्रिया सुरू करणे

प्रथम फक्त पाणी सोडावे. सिरिंज पंपाने मिनिटाला एक ते पाच मायक्रोलिटर हा वेग पुरतो. दहा मिनिटे थांबून कमी डोसवर कणांची चित्रे घ्यावीत. पाण्यातच घनांचे कोपरे झिजताना दिसले, तर डोस अजून जास्त आहे. झोताने तयार केलेले ऑक्सिडीकारक चांदी विरघळवत आहेत आणि सोने आत सोडण्यात अर्थ नाही. डोस कमी करावा, नवी जागा घ्यावी आणि कण स्थिर राहतील तो दर वहीत लिहावा.

मग नळी बदलून क्लोरोऑरिक आम्लाचे ०.१ मिलिमोलर किंवा त्याहून विरल द्रावण सोडावे. अनेक होल्डरांमध्ये मुख्य प्रवाह चिपांच्या बाजूने निघून जातो आणि खिडकीपुढच्या पातळ फटीत नवे द्रावण विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन, हळूहळू शिरते. म्हणून पंप सुरू केला ती वेळ आणि अभिक्रिया सुरू झाली ती वेळ यांत कित्येक मिनिटांचे अंतर असू शकते. या काळात झोत बंद ठेवून अधूनमधून एखादेच चित्र घ्यावे. उत्सुकतेने सतत पाहत राहिले, तर अभिकारक पोहोचेपर्यंत कणांनी इतका डोस घेतलेला असतो, की पुढच्या निरीक्षणाला किंमत उरत नाही.

सुरुवात बहुधा घनाच्या एका बाजूला लहानशी खाच पडण्याने होते. स्टेमच्या चित्रात तिथे आधी काळसर ठिपका दिसतो, मग तो आत पसरतो आणि कडा मात्र उजळ राहते, कारण तिथे जड सोने साचत असते. काही कणांत एकच पोकळी वाढते, काहींत अनेक लहान पोकळ्या होऊन पुढे एक होतात. शेजारी शेजारी असलेले दोन घन एकाच वेळी आणि एकाच वेगाने बदलतील, असे समजू नये. परीक्षानळीतल्या वर्णपटात हा फरक सरासरीत बुडून जातो आणि तो दिसावा म्हणूनच एवढा खटाटोप असतो. चित्रात अधूनमधून कणांबाहेर फिकट, कोनदार पुंजके दिसले, तर ते सिल्व्हर क्लोराइड असू शकते. झोताखाली ते पुन्हा चांदीत बदलते, म्हणून अशी जागा विश्लेषणातून वगळावी.

झोताचा हात ओळखणे

खालचे चार तुलना-प्रयोग केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष लिहू नये, आणि मिळालेल्या तासांपैकी निम्मे तास यांच्यासाठी राखून ठेवावेत. तास कमी मिळाले, म्हणून यांतला एकही गाळणे मला मान्य नाही.

१. चांदीचे घन, पाणी आणि झोत, सोने नाही. यावरून झोताने होणारी झीज कळते.

२. सोन्याचे द्रावण आणि झोत, घन नाहीत. खिडकीवर झोताच्या वर्तुळात सोन्याचे नवे ठिपके उमटू लागले, तर झोत स्वतः क्षपण करत आहे. ज्या डोसवर ठिपके येतात, त्या डोसवर घेतलेला अभिक्रियेचा वेग विश्वासाचा नाही.

३. घन आणि सोने दोन्ही, पण पूर्ण वेळ झोत बंद. ठरलेल्या वेळेनंतर पाण्याने धुऊन एकदाच चित्र घ्यावे.

४. तीच अभिक्रिया निदान तीन वेगवेगळ्या डोस-दरांवर, प्रत्येक वेळी ताज्या जागेवर. डोस दुप्पट केल्यावर वेगही वाढला, तर झोताचा वाटा आहे. वेग डोसवर अवलंबून नसेल आणि परीक्षानळीतल्या वेळेशी मेळ खात असेल, तर आपण खरोखर विस्थापन पाहत आहोत, असे म्हणता येते.

द्रावणात आयसोप्रोपॅनॉलसारखा पदार्थ थोडा मिसळून हायड्रॉक्सिल मूलके शोषून घेता येतात. पण तसे केल्याने द्रावण क्षपणाच्या बाजूला झुकते आणि सोने आपोआप बाहेर पडण्याची शक्यता वाढते. म्हणून चांदी-सोन्याच्या या प्रयोगात मी ते टाळतो, तर सोने कोरण्याच्या प्रयोगात झोताचा ऑक्सिडीकारक वाटा तपासण्यासाठी वापरतो.

चित्रांतून आकडे

चलचित्र आकर्षक असते, पण शोधनिबंधात आकडेच लागतात. इमेजजे किंवा फिजी ही मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेशी आहेत. आधी सरकणारी चित्रे एकमेकांवर जुळवावीत, मग प्रत्येक कणाची बाह्यरेषा आणि पोकळीचे क्षेत्रफळ वेळेनुसार मोजावे. पार्श्वभूमीची उजळता चित्रागणिक बदलत असेल, तर द्रवाचा थर जाडपातळ होत आहे किंवा बुडबुडा जवळ येत आहे, असे समजून तो भाग सोडावा. प्रत्येक आलेख दोनदा काढावा, एकदा वेळेसमोर आणि एकदा साचलेल्या डोससमोर. वेगवेगळ्या डोस-दरांचे बिंदू वेळेसमोर एकाच रेषेवर आले आणि डोससमोर विखुरले, तर अभिक्रिया वेळेनुसार, म्हणजे रसायनानुसार चालली आहे. उलट झाले, तर तो झोताचा प्रभाव आहे आणि तसे स्पष्ट लिहावे. तसा निष्कर्षही प्रामाणिक आणि उपयोगी असतो.

शेवटी होल्डर बाहेर काढण्याआधी भरपूर पाणी सोडून नळ्या आणि ओ-रिंग धुवाव्यात, कारण उरलेले क्लोराइड होल्डरचा धातू खाते आणि पुढच्या माणसाचा प्रयोग बिघडवते. चिपा उघडून, धुऊन आणि वाळवून पुन्हा सूक्ष्मदर्शकात न्याव्यात. ज्या कणांवर झोत पडला आणि ज्यांच्यावर कधीच पडला नाही, अशा दोन्ही भागांची चित्रे आणि क्ष-किरण वर्णपट शेजारी शेजारी घ्यावेत. द्रव असताना होल्डरच्या कडा क्ष-किरण अडवतात, म्हणून चांदी आणि सोन्याचे प्रमाण या वाळलेल्या अवस्थेतच नीट मोजता येते. झोत न पडलेल्या कोपऱ्यातले घनही तसेच पोकळ झालेले दिसले, तर घरून निघताना वहीत लिहिलेल्या परीक्षानळीच्या वेळेशी ते ताडून पाहावेत आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडावेत.